भरायचं काय, गाळायचं काय: अर्कचित्र काढण्याची आणि लिहिण्याची रीत

‘काय पोरगं आहे, अगदी अर्क!’ असं कुणी म्हणालं की वय, उंची, इयत्ता यातलं काहीही न सांगता ते पोरगं डोळ्यांसमोर उभं राहतं. अर्कचित्र हा शब्द त्याच भट्टीतून निघालेला. हा अर्क अरबीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ घाम, आणि त्यावरून भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गोळा केलेलं सत्त्व. (रुईच्या झाडाला आणि सूर्याला अर्क म्हणतात तो संस्कृतातला, त्याचं याचं नातं नाही.) पातेलंभर ओवा घातला तरी हाती येतो तो बाटलीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढा अर्क, पण बूच उघडलं की खोलीभर ओवाच ओवा.

इंग्रजीतून आलेला ‘कॅरिकेचर’ मात्र मूळचा इटालियन. ‘कारिकारे’ म्हणजे लादणे, गाडीत माल भरणे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याचा आन्निबाले कार्राच्ची (१५६० ते १६०९) आणि त्याच्या घरातले चित्रकार मोठमोठ्या धार्मिक चित्रांच्या कामातून सवड काढून गंमत म्हणून ओळखीच्या लोकांची अशी ‘लादलेली’ चित्रं काढत. नावही तिथूनच रूढ झालं.

आता गंमत बघा. इटालियन शब्द म्हणतो, भरा. मराठी शब्द म्हणतो, गाळा. काम एकच, पण दोन्ही शब्दांनी त्याचा अर्धा अर्धा भाग उचललाय. शिकायला येणारा बहुतेक वेळा पहिलंच ऐकून येतो: नाक मोठं दिसलं, काढा अजून मोठं, दात पुढे दिसले, काढा फावड्याएवढे. मग कागदावर राक्षस तयार होतो, माणूस काही सापडत नाही. मी काही वर्षं लग्नांत, गॅदरिंगांत, प्रदर्शनांच्या दारात बसून समोरच्याचं पाच-सात मिनिटांत अर्कचित्र काढून देतोय. सुरुवातीची दोन वर्षं मीही राक्षसच काढले. पुढची रीत त्यानंतरची आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू

मराठीत तीन शब्द एकमेकांत मिसळले जातात. अर्कचित्र म्हणजे एका विशिष्ट माणसाचं, ओळखू येणारं, पण मापं मुद्दाम ताणलेलं चित्र. व्यंगचित्र म्हणजे एखाद्या घटनेवर किंवा धोरणावर केलेली चित्रमय टिप्पणी. त्यात अर्कचित्र असू शकतं, पण असलंच पाहिजे असं नाही. हास्यचित्रात कुणी खरा माणूस नसतो, टिप्पणीही नसते, असतो तो प्रसंग. शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी चित्रं आठवा. छत्रीचं, मांजराचं, चष्म्याचं काहीतरी भलतंच चाललेलं असतं आणि कुणाचंही नाव न घेता आपण हसतो.

व्यंगचित्रातल्या ‘व्यंग’ शब्दाने बरंच नुकसान केलंय असं माझं मत. व्यंग म्हणजे शरीरातला दोष, हा अर्थ मराठी माणसाच्या कानात इतका बसलाय की दोष शोधून दाखवणं म्हणजेच व्यंगचित्र, असं वाटायला लागतं. ‘व्यंग्य’ म्हणजे थेट न बोलता सुचवलेला अर्थ. तो या कलेच्या जास्त जवळचा आहे. शब्द आता बदलणार नाही, पण हातात पेन्सिल घेताना दुसरा अर्थ डोक्यात ठेवला तर रेघ वेगळी पडते.

पायरी १: माणूस आणि साहित्य

पहिलं अर्कचित्र स्वतःचं किंवा घरच्यांचं काढू नका. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल आपण एकतर फार दयाळू असतो नाहीतर फार दुष्ट. ज्याला चित्र बघणारे चार लोक ओळखतात आणि ज्याचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो सहज मिळतात असा माणूस निवडा. एका फोटोवरून काम करू नका. एकाच फोटोतली सावली तुम्हाला नाकाबद्दल खोटं सांगू शकते. निदान पाच फोटो हवेत आणि त्यातला एक तरी बोलताना टिपलेला.

साहित्याचं फार कौतुक नको. साधा कार्ट्रिज कागद, एचबी आणि ४बी पेन्सिल, मऊ खोडरबर, शेवटच्या रेषेसाठी ब्रश पेन. कच्चं चित्र पक्क्या कागदावर उतरवायला लाइटबॉक्स नसेल तर दिवसा खिडकीची काच पुरते.

पायरी २: चेहऱ्याचे तीन मजले मोजा

इथे घाई करणारा पुढे अडकतोच. फोटो ए-फोर कागदावर छापून घ्या आणि त्यावर पट्टीने आडव्या रेघा मारा. केस सुरू होतात तिथून भुवयांपर्यंत पहिला मजला. भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा. तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत तिसरा. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात त्या ठोकळ चेहऱ्यात तिन्ही मजले सारखे असतात. डोळे पूर्ण डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात आणि कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत असतो. (टक्कल असेल तर केसांची रेघ कुठे असती याचा अंदाज कपाळावरच्या आठ्यांच्या वरून बांधायचा. मी एकदा टकलाची वरची कड धरून मजले पाडले आणि गृहस्थ परग्रहावरचे दिसू लागले.)

हा ठोकळ चेहरा रस्त्यावर कधीच भेटत नाही, पण तो तुमचा तराजू आहे. समोरचा चेहरा या तराजूच्या कुठे वर, कुठे खाली जातो, एवढंच शोधायचं. ‘नाक मोठं आहे’ असं नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. पुष्कळदा नाक नेहमीएवढंच असतं आणि हनुवटी आत गेलेली असते, त्यामुळे ते पुढे आल्यासारखं वाटतं. मग नाक ताणून काय उपयोग? हनुवटी आत ढकलायची.

पायरी ३: फरकाला गुणा, चेहऱ्याला नको

एक साधं गणित करून दाखवतो. समजा छापील चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत १८ सेंटिमीटर भरला. ठोकळ चेहऱ्यात प्रत्येक मजला ६ चा असता. तुमच्या माणसाचे मजले निघाले ५, ७ आणि ६. म्हणजे कपाळ एकने कमी, मधला मजला एकने जास्त, खालचा बरोबर. आता फरक दुप्पट करा: ४, ८, ६. बेरीज अजून १८ च आहे. तिप्पट केला तर ३, ९, ६.

यातलं खरं शिक्षण बेरजेत आहे. एक वाढलं तर दुसरं घटलंच पाहिजे. नवशिका मधला मजला ८ करतो, पण कपाळ ५ च ठेवतो. मग चेहरा नुसता लांब होतो, अर्क काही निघत नाही. मोठं नाक दाखवायचंय? डोळे बारीक करा आणि जवळ आणा. जाड मान दाखवायची आहे? डोकं लहान काढा. रुंदीलाही हाच हिशेब लागतो.

हे माझं शहाणपण नाही. १९८५ साली अमेरिकेत सुझन ब्रेनन यांनी संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: सरासरी चेहऱ्यापासूनचा फरक मोजा आणि तो वाढवा. पुढे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओळखीच्या लोकांची हुबेहूब रेषाचित्रं आणि ताणलेली रेषाचित्रं दाखवली, तेव्हा ताणलेली जास्त झटकन ओळखली गेली. आपण माणसं लक्षात ठेवतो तीही बहुधा फरकाच्या खुणेनेच. ‘तो नाही का, वर बघून बोलतो तो’ अशीच तर आपण ओळख सांगतो.

मोबाईलमधली फिल्टरं इथेच फसतात. कुठलाही चेहरा दिला तरी ती डोळे मोठे करतात, हनुवटी निमुळती करतात. दहा माणसांची दहा चित्रं काढलीत तर ती एकमेकांची चुलत भावंडं वाटतात. अर्कचित्राचं काम नेमकं उलटं: सख्ख्या जुळ्या भावांतही फरक दाखवणं.

पायरी ४: पगडी काढून बघा

लोकमान्य टिळकांचं चित्र काढायला सांगा. दहांतले नऊ जण आधी पगडी काढतील, मग मिशी, मग उपरणं, आणि आतल्या चेहऱ्यात कुणीही बसलेलं असेल. लोक म्हणतील, ‘वा, टिळक!’ पण ओळखली गेली ती पगडी. गांधीजींचा गोल चष्मा आणि चॅप्लिनची टोपी या अशाच फसव्या मदतनीस.

म्हणून कच्चं चित्र झालं की टोपी, पगडी, चष्मा, दाढी हे सगळं बोटाने झाका. उरलेल्या चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो का? येत नसेल तर मागच्या पायरीवर जा. येत असेल तर खुशाल पगडी चढवा. खूण वापरूच नये असं नाही. इंदिरा गांधींच्या केसांतली पांढरी बट कितीतरी व्यंगचित्रकारांनी एकेका फटकाऱ्यात काढली, पण तिच्याखाली ते धारदार नाकही होतंच.

पायरी ५: मान, खांदे आणि सवय

हे मी एका लग्नात फजिती होऊन शिकलो. नवरदेवाचे मामा समोर येऊन बसले. नाकाच्या बाजूला चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ. मला आयतंच सापडलं. मी ती आवळ्याएवढी काढली. भोवतीची पोरं खदाखदा हसली, मामाही हसले, ‘छान, छान’ म्हणाले, चित्र गुंडाळून घेऊन गेले. पंगती उठल्यावर सामान आवरताना ते चित्र मला जेवणाच्या टेबलाखाली सापडलं. चार घड्या घालून, त्यावर कढीचा डाग.

घरी आल्यावर आठवायला बसलो की हा माणूस खरा कसा होता. तेव्हा लक्षात आलं, ते खुर्चीत बसले तेव्हा मान मागे टाकून, चष्म्याच्या खालच्या भिंगातून माझ्याकडे बघत होते. आहेराची पाकिटंही तसंच बघून घेत होते. आल्यागेल्या प्रत्येकाला आधी हनुवटी भेटायची, मग डोळे. तो अर्क माझ्यासमोर सात मिनिटं बसला होता आणि मी चामखीळ मोजत होतो. चामखीळ त्यांना आपसूक मिळालेली होती. मागे टाकलेली मान त्यांनी स्वतः कमावलेली होती.

तेव्हापासून समोरचा माणूस येऊन बसेपर्यंतच मी अर्धं चित्र बघून घेतो. खुर्ची ओढतो कशी, खांदे कानांकडे चढतात का, हसताना आधी ओठ हलतात की भुवया. कागदावर पहिली रेघ मारायची ती मान आणि खांद्यांची. चेहरा त्यावर बसवायचा.

किती लांब जायचं? चार चित्रांतला राजा

‘थांबायचं कुठे’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. याचं उत्तर मी १८३१ सालच्या पॅरिसमधल्या एका खटल्यावरून देतो. ‘ला कारिकातूर’ या साप्ताहिकाचा चालक शार्ल फिलिपाँ याच्यावर राजा लुई-फिलिपचा अपमान केल्याचा आरोप होता. राजाचे गाल खाली सुटलेले, डोकं वर निमुळतं. फिलिपाँने न्यायालयासमोर चार आकृत्या मांडल्या. पहिली सरळ राजाची. दुसरीत गाल थोडे जास्त लोंबलेले. तिसरीत डोळे-नाक म्हणजे फळावरच्या सुरकुत्या वाटाव्यात इतपत. चौथी म्हणजे चक्क नासपती. त्याचा युक्तिवाद साधा होता: पहिली गुन्हा नसेल तर दुसरी कशी, आणि दुसरी नसेल तर तिसरी कशी? नासपती राजासारखी दिसते हा माझा दोष आहे का?

शिक्षा व्हायची ती झालीच. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरं नासपती काढू लागली आणि ती बघणाऱ्या प्रत्येकाला राजाच दिसू लागला. त्याच साप्ताहिकाच्या गोतावळ्यातल्या ओनोरे दोमिएने राजाला प्रजेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवलं आणि १८३२ साली तुरुंगवास भोगला. १८३५ मध्ये सरकारने चित्रांवर पुन्हा सेन्सॉरशिप बसवली.

आपल्या कामापुरतं यातून घ्यायचं ते चार आकृत्यांचं तंत्र. एकाच कागदावर चार चौकटी आखा. पहिलीत हुबेहूब, दुसरीत फरक दुप्पट, तिसरीत तिप्पट, चौथीत बेफाम. मग मागून पुढे या. चौथीत माणूस हरवला असेल तर तिसरी घ्या. माझा अनुभव असा की नवशिके दुसरीवरच थांबतात, भीतीने. चौथी काढल्याशिवाय तिसरी किती संयमी आहे हे कळत नाही.

पायरी ६: आता गाळा

इथपर्यंत भरलं. आता मराठी शब्दाचं काम सुरू. कच्च्या चित्रावर दुसरा कागद ठेवा, खिडकीच्या काचेवर धरा आणि ज्या रेषांशिवाय माणूस ओळखू येणार नाही तेवढ्याच उतरवा. बाकी खालच्या कागदावरच राहू द्या.

रोमच्या सेंट पीटर चौकाचे खांब उभारणारा शिल्पकार बेर्निनी म्हातारपणी पोप अकरावा इनोसंट याचं चित्र काढतो: आजारी पोप पलंगावर उशांना टेकलेला, हातपाय काड्यांसारखे, डोक्यावर उंच टोपी, सगळा मिळून एक नाकतोडा. रेषा मोजक्याच. ज्याने आयुष्यभर संगमरवरातून पोपांचे भरजरी झगे कोरले, त्याने पलंगातल्या पोपाला एवढ्यात उरकलं.

आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घ्या. हे एका माणसाचं अर्कचित्र नाही, एका देशाचं आहे. लक्ष्मण आधी गर्दीत वेगवेगळ्या प्रांतांची माणसं काढत. रोजच्या वेळेच्या कटकटीत ती कमी कमी होत गेली आणि १९५१ पासून उरला तो एकटा: चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, टकलाच्या मागे केसांचे झुबके. बोलणंही गाळून टाकलं. वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याचा पुतळा उभा आहे, तिथेही तो काही बोलत नाही.

शब्दांचं अर्कचित्र: पायरी ७, पालुपद पकडा

लिहिण्यातही रीत तीच. फोटोच्या जागी कान. माणूस बोलतो तेव्हा त्याचं एखादं पालुपद असतं: ‘तसं नव्हे’, ‘मी काय म्हणतो’, ‘आमच्या वेळी’. ते शोधा. मग त्याच्या वागण्यातला ठोकळ माणसापासूनचा एक फरक निवडा. एकच. तापट, कंजूष, विसराळू आणि घोरणारा असा एकच माणूस लिहायला घेतलात की तो चौथ्या विशेषणाला मरतो.

या बाबतीत समर्थ रामदास मला फार आवडतात. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खांची यादी आहे. उपदेश म्हणून ती शाळेत वाचली जाते, त्यामुळे तिच्यातली रेखाटणं सुटून जातात. ही ओवी बघा:

आपली आपण करी स्तुती ।
स्वदेशीं भोगी विपत्ति ।
सांगे वडिलांची कीर्ती ।
तो येक मूर्ख ॥

तीन फटकारे. स्वतःची तारीफ, गावातच हालाखी, आणि तोंडी वडिलांचे पराक्रम. कुठेही ‘बढाईखोर’ हे विशेषण नाही. नाक, डोळे, कपडे काही नाही, तरी पारावर बसलेला तो माणूस दिसतो, कारण दुसरी आणि तिसरी ओळ एकमेकींना घासतात. मोठं नाक आणि बारीक डोळे शेजारी ठेवायचे म्हणतो ते हेच.

पायरी ८: चढण, एकेक पायरीची

शाळेत अतिशयोक्ती अलंकाराचं एकच उदाहरण पाठ होतं. दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली, उरलं तेल झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला. आता याची चढण बघा. पहिली पायरी अगदी खरी वाटते. एका दमडीत न्हाणं? चला, काटकसर असेल. दाढी-शेंडीपर्यंत भुवया उंचावतात. ‘उरलं तेल झाकून ठेवलं’ ही माझी सर्वांत लाडकी ओळ, कारण तिथे बढाई एकदम घरगुती, नीटनेटकी होते. आणि मग उंट. उंट पहिल्या ओळीत आला असता तर कुणी ऐकलं नसतं.

ही रीत घेऊन एक परिच्छेद करून बघू. आमच्या इमारतीत एक निवृत्त काका आहेत. कच्चा खर्डा असा होता:

‘काका अत्यंत शिस्तप्रिय, चिकित्सक, हट्टी आणि कागदोपत्री काटेकोर असून त्यांचा चेहरा नेहमी गंभीर असतो आणि ते सगळ्यांना नियम शिकवतात.’

हा राक्षस नाही, पण माणूसही नाही. पोलिसांच्या वर्णनपत्रकातली ओळ आहे. गंभीर चेहरा गाळा, हट्ट गाळा, शिस्त गाळा. उरतं काय? ‘लेखी द्या’ हे पालुपद. त्यालाच चढवत नेऊ:

‘दूधवाला म्हणाला, काका, उद्या सुट्टी. काकांनी पायजम्याच्या खिशातून पेन काढलं: लेखी द्या. जिन्यात मांजर व्यालं, तेव्हा पिल्लं तीन की चार याची नोंद त्यांनी दोघा रहिवाशांच्या सह्यांनिशी केली. काकू माहेरी निघाल्या, तर जाण्याचं कारण आणि परतीचा दिनांक फ्रिजवर चिकटवून गेल्या. परवा काकांना शिंक आली. मग दुसरी आली. काका नाक पुसत म्हणाले, स्मरणपत्र.’

यात काकांचा चेहरा एकदाही नाही. शिंकेपर्यंत पोचायला दूधवाला, मांजर आणि काकू या तीन पायऱ्या लागल्या. शिवाय प्रत्येक गोष्ट काकांच्या जगातली आहे. त्यांना ‘हिटलर’ किंवा ‘हत्ती’ म्हटलं असतं तर उपमा बाहेरून आणावी लागली असती, आणि बाहेरून आणलेली उपमा बहुधा शिळी असते. पुण्याच्या चहाचे आणि दुपारी एक ते चारचे विनोद हे असेच शिळे. ते अर्कचित्र कधीकाळी असेलही, आता तो नुसता ठसा आहे. कुणावरही उमटवता येतो.

शिवी म्हणून वापरलेला शब्द

मराठीत हा शब्द दोषाचं नाव म्हणूनही चालतो. नाटकाच्या परीक्षणात ‘सासऱ्याच्या भूमिकेचं कॅरिकेचर झालं’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा नटाने फरक वाढवला पण बेरीज सांभाळली नाही असं म्हणायचं असतं: मिशा पिळल्या, आवाज चढवला, पण त्या माणसाचं भय, लोभ, थकवा काही कमी-जास्त केलं नाही. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४३ सालीच एका छापील चित्रात स्वभावदर्शन वेगळं आणि कॅरिकेचर वेगळं अशी फारकत करायचा प्रयत्न केला होता. मला ही भिंत फारशी पटत नाही, पण परीक्षण लिहिताना शब्द वापरायचाच असेल तर नेमकं काय जास्त झालं आणि त्याच्या बदल्यात काय कमी करायचं राहिलं, हे लिहा.

विडंबन मात्र वेगळं. विडंबनात माणसाऐवजी एखादी रचना किंवा शैली ताणली जाते. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी कवितांचं केलं ते विडंबन. ‘लोकशाहीचं विडंबन’ असं वर्तमानपत्रात येतं, तिथे खरं म्हणजे कुणी हसत नसतं.

पायरी ९: रोख कुणावर

चामखिळीचा नियम इथेही. जे जन्माने मिळालंय त्याच्यावर भार टाकू नका, जे माणसाने निवडलंय किंवा कमावलंय त्याच्यावर टाका. सत्ता, सवय, ढोंग, पोशाख चालेल. रंग, जात, अपंगत्व नाही. ‘अमक्या समाजाचे लोक असेच’ या छापाच्या नकला अर्कचित्र नसतातच, कारण अर्क एकाचा निघतो, जमावाचा नाही. कॉमन मॅन जमला तो लक्ष्मण स्वतःला त्याच्यात धरत म्हणून.

एवढं सांभाळूनही चित्राचा अर्थ पूर्णपणे चित्रकाराच्या हातात राहत नाही. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली एक चित्र काढलं. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले नेहरू. रोख होता कामाच्या वेगावर. हेच चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आलं आणि २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ होऊन ते काढून टाकायचं ठरलं. रेषा तीच होती. पण दरम्यान बाबासाहेब कोट्यवधी लोकांसाठी काय झाले होते आणि त्यांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक या लोकांना कसा दिसत होता, हे १९४९ च्या कागदावर नव्हतं. चित्र फाडा असं मी म्हणणार नाही. पण शाळेच्या पुस्तकात ते देताना शेजारी चार ओळींचा संदर्भ पुरेसा नसतो, हे आपण काढणाऱ्यांनी तरी कबूल करावं.

पायरी १०: दोन सेकंदांची परीक्षा

चित्र किंवा परिच्छेद पूर्ण झाला की ज्याचं आहे त्याला दाखवू नका. तो भिडस्तपणे हसेल नाहीतर रागावेल, दोन्हींतून काही कळत नाही. त्याला ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसाला दाखवा. चित्र दोन सेकंद समोर धरा आणि पालथं घाला. नाव आलं तर पास. ‘कोण आहे हे?’ असा प्रश्न आला तर पट्टी घ्या, मजले पुन्हा मोजा. १८७६ साली न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी बॉस ट्वीड पळून स्पेनला गेला, तेव्हा थॉमस नॅस्टच्या व्यंगचित्रावरून तो तिथे ओळखला गेला. परक्या देशातल्या अधिकाऱ्यांना तो पटला, ही परीक्षा फार वरच्या दर्जाची झाली. आपल्याला शेजारी पुरे.

परिच्छेदाची परीक्षा नाव न सांगता वाचून. मी ‘लेखी द्या’ काकांचा परिच्छेद दुसऱ्या मजल्यावरच्या एकाला वाचून दाखवला. शिंकेला तो मोठ्याने हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, ‘आमच्या सासऱ्यांना तुम्ही कुठे भेटलात?’ म्हणजे नमुन्याचं चित्र पास, काकांचं नापास. काकांचा स्वतःचा असा काहीतरी फरक माझ्याकडून राहिलाय. बहुतेक ते पेन. ते पेन उघडण्याआधी टोपणावर फुंकर घालतात.